शेवटची मोकळी जागा

एनिसमध्ये, नदीकाठच्या जुन्या पीठगिरणीत, वरच्या मजल्यावर
डेर्व्हला मॅकिनर्नी रात्री पावणेदोनला
तीन यंत्रांची सोयरीक जुळवत बसली आहे.

यंत्रं इथं नाहीत.
ती ढगात, तासाच्या भाड्यावर,
कालच जन्मलेली, पत्ता दर वेळी नवा.
एक मेलं की दुसरं आपोआप उभं राहतं
आणि कुणालाच ओळखत नाही.

जिन्याखालच्या कपाटात यंत्रं होती तेव्हा सोपं होतं.
एकाने विचारायचं, "कोण आहे रे?"
तारेवरून ते सगळ्यांच्या कानी जायचं,
ज्याला ओ द्यायची तो द्यायचा.
ढगात हाक चालत नाही.
शेजार हजारोंचा, आणि भिंती अशा
की ओरडलेलं ओरडणाऱ्यालाच ऐकू येतं.
तिथं कारकुनाला विचारावं लागतं:
माझ्यासारखी चिठ्ठी गळ्यात असलेले
आत आणखी कोण कोण आहेत?
विचारायलाही परवाना लागतो.
परवान्यावर एवढंच: बघू दे, हात लावू देऊ नकोस.

तिने सगळं केलं.
प्लगिन टाकलं, परवाना चिकटवला, प्रदेशाचं नाव लिहिलं,
नऊ हजार तीनशे नंबरचं दार
फक्त घरच्यांसाठी किलकिलं ठेवलं.
तरी परवा तिन्ही यंत्रांनी तीन राज्यं थाटली होती:
मी एकटा, म्हणून मीच प्रमुख.
काल तिने अट घातली, दोघांचं मत पडल्याशिवाय गादी नाही.
आता तिघंही गप्प. दर दहा सेकंदांनी एक ओळ:
प्रमुख सापडला नाही.
प्रमुख सापडला नाही.

चहा गार झालाय.
न्यूफाउंडलंडहून रोझलीन पॉवर नावाच्या बाईने
तिसऱ्यांदा लिहिलंय:
*शुक्रवारी आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे.
त्याआधी तिला कळायला हवंय,
जहाजावर चढलेल्या त्या माणसाला भाऊ होता का.*

उत्तर असलंच तर या तीन यंत्रांत आहे,
किलरशपासून खाडीपर्यंतच्या बाप्तिस्म्यांच्या वह्यांत,
जिथं गारठलेल्या बोटांनी पाद्री
ऐकू आलं तसं लिहीत गेले.
ब्रिजेट, ब्रिजिड, बिडी, ब्रीड,
आणि समुद्र ओलांडल्यावर डेलिया.
बाई एकच.
चार हिवाळे डेर्व्हलाने शोधयंत्राला हेच शिकवलं:
एक अक्षर इकडे, एक तिकडे, चालवून घे.
आडनावामागचा *ओ* गळाला असेल, चालवून घे.
शाई फुटली, माणूस तेच.

तीन वाजून दहा मिनिटं.
तिसऱ्या यंत्राच्या चिठ्ठीवर ती कर्सर नेते,
शेवटच्या अक्षरापाशी थांबते,
सहज बाण दाबते
आणि कर्सर आणखी एक पाऊल टाकतो.
जिथं काही नाही तिथं.

मोकळी जागा.
शब्दानंतरची, कुणाला न दिसणारी, एकच.

फिन्टनची.
त्याच्याच तक्त्यातून तिने चिठ्ठ्या उचलल्या होत्या.
चाळीस वर्षं काउंटी ग्रंथालयाच्या टाइपरायटरवर
प्रत्येक शब्दानंतर अंगठा आपटत आला तो;
निवृत्त झाला, अंगठा झाला नाही.

ती हसते, मग हसायची थांबते.
दोनशे वर्षांपूर्वीच्या मेलेल्यांना आपण काय काय माफ केलं,
आणि ही तिघं
एका रिकाम्या जागेवरून
रात्रभर अनोळखी राहिली.

खोडते.
नऊ सेकंद काही नाही.
मग पहिल्याने दुसऱ्याला ओ दिली, दोघांनी तिसऱ्याला,
निवडणूक एका ओळीत उरकली,
पिवळा दिवा, बराच वेळ पिवळाच,
आणि हिरवा.

ती भावाला शोधते. एक्केचाळीस नावं.
उघडत नाही अजून एकही.
आधी सेटअपच्या फाइलमध्ये एक ओळ घालते,
चिठ्ठीच्या शेवटी काही मोकळं असेल तर कापून मगच वाच,
आणि शेजारी, यंत्र वाचत नाही त्या जागी, लिहिते:
फिन्टनसाठी. त्याला सांगू नये.