पातळी

क्लाक्सविकच्या गोदीवर दिवसभर बर्फाच्या पेट्या मोजून
घरी यायचे, हाताला माशांचा वास,
आणि हात धुवायच्या आधी ते यंत्र चालू करायचे.
त्याचा एक कोपरा तडकलेला.
बारदुर ते दातांनी उघडायला गेला होता, लहानपणी.

खेळाचं नाव ‘पाट’. बस्स, एवढंच.
राखाडी दगड, राखाडी पाणी, साठ पातळ्या.
दगड ढकलायचा, पाणी वळवायचं, चक्कीपर्यंत न्यायचं.
कोणी काही सांगत नसे.
चुकलं तर मागे घ्यायची सोय नव्हती,
दगड कोपऱ्यात गेला की गेला,
बोलून बसलेल्या शब्दासारखा.

त्रेचाळिसाव्या पातळीवर आम्ही अख्खा हिवाळा काढला.
चार दगड, एक पाट, आणि चक्की पाण्याच्या हातभर वर.
पाणी चढ चढत नसतं, हे बारदुरचं म्हणणं.
माझं म्हणणं, तुला दगड लावता येत नाहीत.
जेवणाच्या टेबलावर बटाट्यांनी मांडून बघितलं.
आई म्हणाली, आधी खा ते.

मग तो बोटीवर गेला, ग्रीनलंडच्या बाजूला, कॉड धरायला.
यंत्र घेऊन गेला.
फेब्रुवारीत फोन, आवाज तुटत तुटत:
सुटलं.
कसं?
सांगणार नाही.
उपग्रहाच्या दराने मी त्याला शिव्या दिल्या.

एप्रिलात आला, गालभर दाढी.
यंत्र माझ्या हातात ठेवून म्हणाला, काही करू नकोस.
म्हणजे?
म्हणजे काही करू नकोस.
बसलो. कॉफी गार झाली.
चार मिनिटांनी ते राखाडी पाणी
आपलं आपण वर यायला लागलं.

भरती.
बंदरात जन्मलेले आम्ही दोघं,
आणि आम्हाला भरती सुचली नव्हती.

आता ‘पाट’चा दुसरा भाग आलाय.
खोटं कशाला बोलू, पाणी देखणं आहे,
तळाचे गोटे दिसतात, उजेड हलतो.
दगड हवा तितक्या वेळा मागे घ्या.
आणि अडलं तर पिवळे गमबूट घातलेलं
एक पाणमांजर येतं: मदत हवी का, मित्रा?
वीस सेकंद हात हलला नाही की येतंच.
थांबला तो अडला, असं त्याला कोणीतरी पढवलंय.

गोदीवरचा रेमुन्दुर म्हणतो, दुसरा भाग म्हणजे
सोलून हातात दिलेलं संत्रं.
असेल.
मिठाने बोटं चिरलेली असताना
कोणी संत्रं सोलून दिलं तर मी नाही म्हणत नाही.

आणि दुसऱ्यात दोघांना खेळता येतं.
तो बोटीवर, मी इथे,
माझ्या निळ्या टोपीशेजारी त्याची लाल टोपी,
दोन-तीन सेकंद मागे,
लाटेवर चालल्यासारखी अडखळत.
तो तिकडे दगड ढकलतो
आणि मी इकडे दगड हलायची वाट बघते.
पहिल्यात हे कुठे होतं?
पहिल्यात तो गेला की यंत्रासकट गेला.

काल एक्क्याण्णवाव्या पातळीवर
लाल टोपी मध्येच थांबली.
मीही थांबले.
पाणमांजर आलं. मदत हवी का, मित्रा?
डावीकडचा दगड बघ.
वरचा बघ.
चक्कीकडे नीट बघ.
मग त्याच्याजवळचं सगळं संपलं,
आणि गमबुटांत ते नुसतं उभं राहिलं, आमच्यासारखं.

चार मिनिटं झाली. पाच.
पाणी चढलं नाही.
चढणार नव्हतंच, दोघांनाही ठाऊक होतं.
नवव्या मिनिटाला त्याच्या पाळीची घंटा झाली असावी,
लाल टोपी विझली.

मी आणि पाणमांजर
अजून थोडा वेळ थांबलो.