दोन्ही हात

कुपवाड एमआयडीसीत, पावडर कोटिंगचा वास
जिथं चहालाही लागतो,
तिथं आम्ही लाकूड फोडायची मशीनं करतो.
आमच्यापैकी कुणाच्याच घरी आता लाकूड जळत नाही.

माझं काम कागदाचं.
चौऱ्याऐंशी पासष्ट शहाण्णव:
हा माल बंदराबंदरांत ज्या आकड्यानं ओळखतात
तो मला रेशनकार्डाच्या नंबराआधी आठवतो.
बावीस टनी, उभं, रंग पिवळा,
न्हावा-शेवा ते रिगा.
वाटेत कुठं तोफा वाजल्या तर आफ्रिकेला वळसा
आणि भाडं दुप्पट.

रिगा म्हंजे काय ओ, दस्तगीर शिकलगारांनी विचारलं एकदा.
म्हटलं, गाव आहे. थंडी पडते.
"पडू दे की," म्हणाले,
"तेवढाच आपला बोनस."

त्यांचे वडील सायकलवर चाक बांधून हिंडायचे,
विळे, अडकित्ते, कुऱ्हाडी, गावोगावच्या पारावर.
हे पाचर घासतात,
एका दाबात ओंडक्याचे चार करणारी.
अंगठा धारेवर आडवा फिरवून सांगतात: झालं.
गेज आम्ही नंतर लावतो.
गेजनं अजून त्यांना खोटं पाडलेलं नाही.

पहिल्या वर्षी तिकडं गॅस महागला.
भूपालअण्णा फळ्यावर रोज दोन आकडे लिहायचे,
डॉलर, आणि रिगाचा पारा.
उणे बाराला पेढे आले होते.
एप्रिलात शर्ट पिळत आम्ही म्हणायचो,
यंदा त्यांची थंडी लांबू दे.

दुसऱ्या वर्षी चिनी माल आला, निम्म्या भावात.
तिसऱ्या वर्षी थंडीच आली नाही.
मेल दोन ओळींचा: गोदाम भरलंय, पुढचं पुढं बघू.
मी तो मराठीत सांगितला तेव्हा
थोडा मऊच सांगितला बहुतेक.

अकरा मशीनं शेडबाहेर, ताडपत्रीखाली.
दुपारी कुत्री सावलीला बसायची.

मग मिरजेचे बेकरीवाले अत्तार आले.
चिंचेचा बुंधा टेम्पोत घालूनच आले,
गाठीगाठींचा, दोन माणसांना न उचलणारा.
दस्तगीरमामांनी दोन्ही दांड्या दाबल्या.
इंजिन कण्हलं, पाचर थबकली,
आणि मग तो बुंधा असा उघडला
की आतला तांबडा गाभा बघून
सगळे क्षणभर गप्प.

"भारी आहे," अत्तार म्हणाले.
"फक्त ती एक दांडी काढून द्या.
एका हातानं लाकूड नको का धरायला? पोरगा एकटाच असतो."

गिऱ्हाईकाची, म्हणजे तिकडच्या गिऱ्हाईकाची, अट असते:
दोन्ही हात दांड्यांवर असल्याशिवाय
पाचर हलता कामा नये. एक सुटला, की थांबली पाहिजे.
त्याचा दाखला मीच जोडते,
कलम, सही, शिक्का.

दस्तगीरमामांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत.
समोरचा गाळा, पॉवर प्रेस, नव्व्याण्णव साल.
त्या प्रेसला पायाचं पेडल होतं.

अण्णा म्हणाले, काढून देऊ की, दहा मिनिटांचं काम.
दस्तगीर, जरा ग्राइंडर घ्या.
मामांनी फडक्यानं पाचर पुसली,
चिंचेचा भुसा टोकाटोकातून काढला.
म्हणाले, "ग्राइंडर जळालाय, अण्णा.
आशीच न्यायची तर न्या म्हणावं."

अत्तार उद्या येतो म्हणून गेले.
टेम्पोत फोडलेली लाकडं तेवढी भरून नेली.

मी जाता जाता ग्राइंडरला हात लावला.
कोमट होता अजून, दुपारच्या कामाचा.
टेबलावर येऊन
शिलकीच्या रजिस्टरात तारीख घातली
आणि पुढं लिहिलं: अकरा.