गडूवरची अक्षरं

वालींच्या कचेरीतून फोन आला : गुरुवारी सत्कार.
मानपत्र, फुलं, येणाऱ्यांसाठी हलवा, कहवा.
फक्त शंभर पुरी झाल्याचा कागद तेवढा काढून ठेवा.

कागद म्हणतो, जन्म एक जानेवारी.
सूरमधली ती सगळी पिढीच एक जानेवारीची,
जणू एकाच रात्री साऱ्या गावात पाळणे हलले.
तिला विचारलं तर म्हणते, टोळधाड आली ते साल.
आई खजुरावर चादरी टाकत होती,
अर्धं झाड झाकलं आणि कळा सुरू झाल्या.

नातू मुहन्नद हिशेबाला बसला.
सूर्यानं मोजलं तर पाच महिने कमी,
चंद्रानं मोजलं तर एकशे दोन कधीच उलटली.
मी म्हटलं, आमच्याकडे हजार चंद्र पाहिले की पेढे वाटतात,
हिचे तर बाराशेच्या वर झाले.
झुवैना डोळे मिटूनच म्हणाली,
"ढगातले वजा करा."

सात वर्षं मी तिची नर्स.
एकतीस किलो वजन, त्यात आवाज धरलेला नाही.
मी केळशीची आहे हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
तेव्हा तिनं माझा हात हुंगला होता.
तिचा नवरा गलबतावर सुकाणू धरायचा,
हर्णैच्या बंदरातून एकदा तांब्याचा गडू घेऊन आला.
तेव्हापासून ती पाणी त्यातूनच पिते. फ्रिजचं नाही, ग्लासातलं नाही.
गडूच्या गळ्याशी बारीक टिंबं टोचलेली आहेत.
"ती दुआ आहे," ती सांगायची,
"दीर्घ आयुष्याची. म्हणून मी मरत नाही."
काळ्या पडलेल्या तांब्यावर मला कधी काही दिसलं नाही.
खरं म्हणजे मी कधी पाहिलंच नाही.

सत्कारासाठी म्हणून बुधवारी गडू चिंचेनं घासला
आणि टिंबांची अक्षरं झाली. माझी अक्षरं.
*चि. सौ. कां. मथुरा हिस आत्याकडून. शके १८६२.*

मी मोरीतच बसून राहिले.
लग्नातला गडू बंदरावर विकायला कसा येतो
हे मला कुणी सांगायला नको.
आमच्या घरातूनही दोन घंगाळं अशीच गेली,
नावं तशीच ठेवून, तराजूत घालून, मोडीत.

तिला काय सांगायचं?
की ही दुआ नाही, कुणा नवरीचं नाव आहे,
जिच्यावर पुढं वाईट वेळ आली?
पुन्हा वाचलं. पहिलंच अक्षर : *चि.*
पत्रिकेवर, पाकिटावर, भांड्यावर
आपण ते न वाचताच पुढं जातो.
चिरंजीव.
म्हातारी चुकली नव्हती.

सांगितलं. तराजू सोडून सगळं.
बराच वेळ ती गडूवर अंगठा फिरवत राहिली.
"म्हणजे दुआ तिच्यासाठी होती," म्हणाली,
"आणि पाणी मी प्यायले."
मग : "ती आहे?"
मला माहीत नव्हतं. तसंच म्हटलं, माहीत नाही.
"मग आहे," ती म्हणाली. "खुर्ची मांडा."

गुरुवारी कचेरीची माणसं आली. अत्तर, कॅमेरे.
शेजारची खुर्ची रिकामी का, कुणाला विचारवेना.
झुवैनानं मानपत्र मांडीवर घेतलं, उलटं,
फुलं मात्र उचलून त्या खुर्चीवरच्या गडूत खोचली.
फोटोत गडू अर्धा आला आहे.

आता रोज संध्याकाळी औषधाच्या आधी
मला ते वाचावं लागतं, मोठ्यानं, आत्यासकट.
मी म्हणते, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी मथुरा,
आणि खाडीकडची खिडकी उघडी असते,
आणि झुवैना दोघींच्या वतीनं
तिच्या भाषेतलं, माझ्याही भाषेतलं उत्तर देते :
हाजिर.