नवव्या होलच्या काठचं घर

माझ्या ब्रोशरमध्ये अजून सगळं हिरवंच आहे.
मी ते बदललेलं नाही. नवं छापायला पैसे पडतात,
आणि खरं सांगू, हिरव्यावर माणसं लवकर भाळतात.

ॲरिझोनात, बोडक्या टेकड्यांच्या अलीकडे
एकशे बारा घरं, सगळी एकाच मातकट रंगाची.
दार रंगवायचं तरी समितीला विचारावं लागतं.
रस्त्यांची नावं फेअरवे, बर्डी, सँड ट्रॅप.
(सँड ट्रॅपवरचं घर तीन वर्षं माझ्या गळ्यात होतं.)

वेंडेल स्टौफर मिनेसोटाहून आला,
चाळीस हिवाळे दारातला बर्फ उपसून.
निघताना फावडं शेजाऱ्याला देऊन टाकलं म्हणाला.
नवव्या होलच्या काठचं घर मीच दिलं त्याला,
नजरेपुढच्या गवताचे चाळीस हजार वर लावून.
आर्डिसने, त्याच्या बायकोने, एवढंच विचारलं,
"चेंडू खिडकीवर आला तर काच कोणाची?"
करारात होतं. पान सतरा.
काच घरमालकाची.

सहा काचांनंतर त्यांनी मोजणं सोडलं.
अंगणात पडलेले चेंडू ती
अंड्यांच्या खोक्यात भरून ठेवायची, डझनाने,
आणि कुंपणाशी कोणी घुटमळलं तर
खिडकीतूनच: "नंबर कितीचा होता तुझा?"
नंबर सांगता आला तरच चेंडू परत.

मग पाणी महागलं. क्लबने हात वर केले.
जूनमधल्या एका पहाटे युसेबिओने
शेवटचा व्हॉल्व्ह बंद केला,
किल्ल्या काउंटरवर ठेवल्या
आणि ट्रकमध्ये नुसता बसून राहिला.
बावीस वर्षं या वेळी त्याचे बूट ओले असत.

गवत पिवळं पडलं, मग पांढरं,
मग वाऱ्याबरोबर गेलं कुठेतरी.
तळ्याच्या तळाशी गोल्फचे चेंडू उघडे पडले,
कसली तरी मोठी अंडी असावीत तसे.
बंकरमध्ये आता कोल्ही झोपतात दुपारची.

परवा मी गेले होते भाव सांगायला.
कसा सांगायचा, ते गाडीत घोकत होते:
एक तृतीयांश गेला, कदाचित जास्तच.
घरात कोणी नव्हतं.

वेंडेल बाहेर फुफाट्यात उभा,
काखेत हिरव्या गालिचाचा हातभर तुकडा.
तो अंथरायचा, त्यावर चेंडू ठेवायचा,
मारायचा, गुंडाळायचा, चालू लागायचा.
मागे आर्डिस, टोपी घालून, झेंडा खांद्यावर.
इतकी वर्षं तिला तिथे पाय ठेवता येत नव्हता,
सभासद तो एकटाच.

"भाव नंतर," ती म्हणाली. "आधी एक मार."

अकरा वर्षं मी हे विकतेय.
काठी कधी हातात धरली नव्हती.
चेंडू भलतीकडेच गेला, टणाटण, दगडांवरून,
निवडुंगामागे.
आम्ही तिघं वाकून शोधत राहिलो, ऊन चढेपर्यंत.
तिला सापडला काहीतरी. मूठ झाकून उभी राहिली.

"नंबर किती?"

मी पाहिलाच नव्हता.