एअर क्लीनरवरचं मीठ

दाजी आरोंदेकरांची अँबॅसेडर
तिसाला शहाणी, साठाला शहाणी,
मधेच, पंचेचाळिसाच्या आसपास,
तिच्या अंगात येई.
आरसा थरथरे, दारं कुजबुजत,
मागच्या सीटवर नवरदेवाचा फेटा सैल होई.
वेंगुर्ल्यात दोघांनी, कुडाळात एकानं
टायमिंग लावून दिलं होतं,
खुणेला खूण जुळवून, पैसे घेऊन.

शिरोड्याला मिठागराच्या बांधाशी
पास्कू लोबोचं गॅरेज: चार माड, वर पत्रा,
आणि मी, दहावीला गणितात गेलेला.
पास्कूनं बॉनेट उघडलं,
एअर क्लीनरच्या झाकणावर मूठभर मीठ ओतलं,
मार्चचं, कडकडीत.
बांधावर असते तशीच रास, फक्त वाटीएवढी.
"आता रेस वाढय. हळू."
रास उभी.
रास उभी.
मग एका ठिकाणी ती
पाण्याशिवाय विरघळावी तशी पसरली.
त्यानं बोट वर केलं. "हयच."

रेडिएटर उतरवला, पट्टा काढला.
क्रँकच्या नाकावर डँपर:
आत हब, बाहेर जड कडं,
मध्ये करंगळीएवढं रबर,
इंजिनाचा प्रत्येक हिसका मुकाट पोटात घालणारं.
ते सुकून चिरलं होतं
खारवलेल्या बांगड्याच्या पाठीसारखं.
कडं बोटभर सरकलेलं,
आणि कड्यावर कोरलेली खूणही त्याच्याबरोबर.
"तीन मेस्त्री," पास्कू म्हणाला,
"खुणेक इचारीत बसले.
खूणच खोटा बोलता."

बेळगावच्या भंगारातून दुसरा आला.
त्याचं रबर ठीक, तोल नाही.
दोन पोलादी पात्या समांतर, पाणसळ लावून,
त्यावर दांडा, दांड्यावर डँपर.
सोडला की डोलायचा,
डोलत डोलत जड बाजू खाली.
मी म्हटलं, हलक्या बाजूला वेल्डिंगचा एक थेंब टाकू?
"घालूक खंयचोय शिकता.
काढूक शीक."
मग ड्रिल. जरासं. परत पात्यांवर.
परत खडूची खूण, परत जरासं.
दुपारी पेज जेवलो, परत जरासं.
उन्हं माडांतून खाली आली तेव्हा
तो डँपर कुठंही थांबव, तिथंच थांबू लागला.
कुठलीच बाजू त्याला आपली वाटत नव्हती.
खाली वर्तमानपत्रावर लोखंडाचा कीस,
चिमूटभरही नाही.

जुन्या ऑइलच्या टोपात हब तापत ठेवला
तळणीतल्या वड्यासारखा.
चावी खाचेत बसली.
मी हातोडा उचलला, तो म्हणाला,
"ठेव खाली. लगीन आसा ह्या, मारामारी नाय.
मागे बेअरिंग आसा, घाव त्येका लागता."
गरम हब सरकला, अर्ध्यावर अडला,
पुढचं बोल्टानं ओढून घेतलं, पीळ पीळ करत.
मी गाडी चौथ्यात टाकून ब्रेकवर उभा,
तो वल्ह्याएवढ्या पायपाला लोंबकळलेला.
शेवटची कट्ट.

नवी मूठ मीठ.
तीस. चाळीस. पंचेचाळीस.
रास उभी.
साठ.
पास्कूनं टोपी काढून डोकं खाजवलं, तेवढाच त्याचा जल्लोष.

दाजी आरोंद्यापर्यंत जाऊन आले.
"फरक काय जाणवत नाय रे," म्हणाले,
पाकिटातून नोटा अर्ध्याच बाहेर.
"त्याचेच पैसे," पास्कू म्हणाला.

आता रेडीच्या रस्त्यावर माझं गॅरेज.
बॅलन्सिंग सावंतवाडीला होतं, मशीनवर,
चहा येईपर्यंत चिठ्ठी छापून मिळते.
तरी गाडी परत देण्याआधी मी झाकणावर मीठ ओततो.
पुडीतलं चालत नाही, ते
इंजिन बंद असतानाही रास धरत नाही.
म्हणून दर मार्चात बांधावरनं बरणी भरून आणतो,
ग्रीसच्या डब्याशेजारी ठेवतो.
परवा नव्या पोरानं ते
कैरीला लावून खाल्लं.
ओरडणार होतो.
मग एक फोड मीही घेतली.