आठ-दोन-आठ-दोन

पोरगी आली ती वही उघडूनच.
नाव हान-ब्योल, जन्म नव्याण्णवचा,
आणि म्हणते, मला शहाण्णव सालात एक खून करायचाय.

मोकपोच्या धक्क्यामागे माझं दुकान.
आता मोबाइलच्या काचा बदलतो,
तेव्हा पेजर दुरुस्त करायचो.
खालच्या खणात अजून सतरा आहेत,
गिऱ्हाइकांनी टाकले, परत नेले नाहीत,
मेलेल्या खेकड्यांसारखे पाठीवर पडलेले.

"काका, तुमचा काळ किती सोयीचा होता," ती म्हणाली.
"माणूस हरवू शकायचा.
माझ्या खुन्याला आता पहिल्याच प्रकरणात
कॅमेरे पकडतात."

सोयीचा.
मी चष्मा पुसला, तिचं बाड घेतलं, चुका काढल्या.
हा पूल काढ, तो फार पुढे झाला,
तोवर पलीकडे जायला बोट, आणि धुकं असलं की तीही नाही.
पन्नास हजारांची पिवळी नोट काढ,
लाच द्यायची तर दहा हजारांच्या हिरव्या दे,
गठ्ठा जाड होईल, कोट फुगलेला दिसेल.
(फुगलेला कोट तिने लगेच टिपून घेतला.)
पेजर पट्ट्याला असतो, खिशात नाही.
आणि दर वेळी "वाजला" लिहू नकोस,
तो थरथरायचा,
टेबलावर ठेवला तर आपला आपण
सरकत सरकत कडेला जायचा.

"आणि आकडे?"
आठ-दोन-आठ-दोन. आमच्या बोलीत मोठ्याने म्हण,
लवकर लवकर असं ऐकू येतं.
मग उठायचं, बूथपुढच्या रांगेत लागायचं,
पुढच्या सैनिकाचं प्रेम संपेपर्यंत
मुठीत नाणी घामेजायची.

अडली ती चौदाव्या प्रकरणात.
रात्र. बर्फाच्या कारखान्यामागे एक जण पडलाय.
त्याची बहीण धावत बूथ गाठते,
भावाच्या मित्राला आकडा पाठवते, तीनदा.
मित्र वीस मिनिटांवर, आणि येत नाही.
"का येत नाही तो?" हान-ब्योल म्हणाली.
"वाईट नाहीये हो तो.
वाचकाला पटेल असं काहीतरी हवं."

मी खण उघडला. बंद केला.
मला ठाऊक होतं का आला नाही.
हातात बिलियर्डची काठी होती, दोन गुण उरलेले,
पैज चाळीस हजारांची.
काळं यंत्र टेबलाच्या कडेला सरकलं,
पुन्हा सरकलं, तिसऱ्यांदा खाली पडलं.
कुणीतरी हसलं.
मीही.
ग्यू-सोकच्या बहिणीने त्यानंतर
माझा नंबर कधी फिरवला नाही.

"रेंज," मी म्हणालो.
"काय?"
"तळघरात हॉल असायचे. वर पत्रा.
निरोप पोचायचाच नाही. त्याला कळलंच नसणार.
व्हायचं असं. नेहमी व्हायचं."
"हे मला कुठेच सापडलं नव्हतं!"
"कुठं सापडणार? असलं कोण लिहून ठेवतं?"

मे महिन्यात पुस्तक आलं.
मागे आभारांत माझं नाव,
पुढे लिहिलेलं: तपशिलांच्या अचूकतेसाठी.
त्या दिवशी शटर अर्धं ओढून चौदावं प्रकरण वाचलं.

माणूस पहाटे तळघरातून वर येतो,
उघड्या हवेत पेजर एकदम थरथरतो,
तीनही निरोप एकापाठोपाठ,
आणि तो पळत सुटतो.
कोट तिथेच टाकून, एक बूट निसटलेला,
मासळीच्या टोपल्यांना अडखळत
काय पळतो तो!

असं होत नाही.
हुकलेला निरोप हुकलेलाच, मागून येत नाही.
ही चूक मात्र तिची स्वतःची.

पेन्सिल हातात होती.
खूण केली नाही.