छाट

पाचव्या दिवशी, पहाटे पावणेचारला
विडी घरकुलात पाणी सुटतं.
मी साडेचारला पोचतो. पिशवीत नमुन्याच्या बाटल्या,
खिशात थेंबांचं औषध.
नळीत पाणी, वर दोन थेंब,
पिवळं झालं तर क्लोरिन आहे.
नाही झालं तरी
रकान्यात शब्द एकच: योग्य.
तेरा वर्षं लिहितोय. अक्षर तेवढं सुधारलं.

नरसव्वा इप्पलपल्लीच्या दारात
आज नळी पांढरीच राहिली.
पाण्याला गटारीचा बारीक वास.
मी पेन काढलं.
पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून तिची कात्री चालली होती,
वर न बघता म्हणाली,
"हजार विड्या नेल्या की
कारखान्यात चेकर बसतो ओ.
एक सैल, एक आखूड, एक तोंड उघडी,
मूठभर काढून बाजूला टाकतो. छाट.
त्याचे पैसे नाहीत.
तुमच्या पाण्याची छाट
कोण काढतंय?"

"वर समिती आहे," मी म्हणालो,
"त्याच्या वर प्राधिकरण."
"वर म्हणजे, टाकीच्या वर?"
ती खरंच विचारत होती.

मागच्या महिन्यात पथक आलं होतं.
आदल्या रात्री निरोप,
टाकी धुतली, टीसीएलची दोन पोती जादा.
साहेबांनी टाकीपाशीच नळी धरली, हळदीसारखी पिवळी.
शेरा: समाधानकारक.
त्या दिवशी घरकुलातल्या चहाला
दवाखान्याचा वास होता.
नळापर्यंत कुणी आलं नाही.

दाराआड चुन्याच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा.
उभी म्हणजे पाणी आलं. आडवी म्हणजे गढूळ.
फुली म्हणजे धाकटा सलाइनवर.
दिवाळीला घर रंगवलं,
तेवढी भिंत सोडून.
मी फुल्या मोजल्या. सात.
त्या तारखा माझ्या वहीत आहेत,
पुढे योग्य, पुढे माझी सही.

मग लिहिलं.
तेरा वर्षांची सवय, हात आधी योग्य लिहूनच गेला,
अ नंतर जोडावा लागला.
त्याला जागा ठेवलेली नव्हती,
तो रेघेबाहेर, समासात पडला.

"दाखवा की," ती म्हणाली.
तिला मराठी वाचता येत नाही.
तरी वही घेतली, शब्दावर
अंगठा आणि बोट दाबून पाहिलं,
विडी पाहतात तसं.

"हं," म्हणाली,
"सैल नाही."